पैसे मालकांचे, हात कामगाराचा

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा किराणा-भुसाराचा पिढीजात व्यापार आहे. कात्रजच्या बाजूला असलेल्या त्यांच्या गोदामात साखरेच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि नऊ वर्षे त्यांच्याकडे नोकरीस असलेल्या एका कामगाराचे उजवे मनगट मोडले. स्नेही स्वभावाने सज्जन आहेत. गल्ल्यावरून तसेच उठून त्यांनी स्वतःच्या मोटारीतून त्याला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेले. कामगाराच्या पत्नीने ससून रुग्णालयाचे नाव काढले होते. तिच्या भावाचा मोडलेला पाय तेथेच बरा झाला होता. परंतु "तेथील गर्दीत कोठे ताटकळत बसता? खर्च मी करतो आहे ना!" असे म्हणून शेठजींनी तो विषय संपवला.

प्लास्टर झाले. औषधांचे पैसे दिले गेले. दिवाळीची उचलही मिळाली. पाचव्या आठवड्यात 'कामावर येण्यास हरकत नाही' असा दाखला त्याच डॉक्टरांनी दिला आणि तो गोदामात परतला. चार महिन्यांनी लक्षात आले की हाड वाकडे जुळले आहे. मूठ पुरती मिटत नव्हती आणि पोते उचलणे अशक्य झाले होते. दुसऱ्या तज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले की प्रारंभीच शस्त्रक्रिया झाली असती तर बरे झाले असते.

प्रकरण मिटवण्यासाठी मला मध्यस्थ म्हणून बोलावण्यात आले. शेठजी दुखावले होते. "एक पैसा मी मागे ठेवला नाही, आणखी काय करावयास हवे होते?" असे ते म्हणत होते, आणि ते खरेही होते. कामगार बराच वेळ खाली मान घालून बसला होता. शेवटी तो इतकेच म्हणाला, "साहेब, पैसे शेठजींचे होते, पण हात माझा होता."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी कायद्याची पुस्तके आणि जाणकारांचा सल्ला यांच्या आधारे या प्रश्नाचा अभ्यास केला. कामावर जखमी झालेल्या माणसाने कोणाकडून उपचार घ्यावेत, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात, गोदामात किंवा छोट्या कारखान्यात चार-दहा माणसे राबतात. म्हणून हा विचार वाचकांसमोर ठेवीत आहे.

तपासणारा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर

आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. २००९ च्या दुरुस्तीनंतर तो 'कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम' या नावाने ओळखला जाऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अंमलात आली असून हा जुना कायदा आता तिच्यात सामावला गेला आहे. मात्र जी मूळ तत्त्वे मी पुढे सांगणार आहे ती शंभर वर्षांच्या अनुभवातून घडलेली आहेत आणि संहितेनेही ती टाकून दिलेली नाहीत.

या कायद्याच्या अकराव्या कलमात एक सूक्ष्म भेद आहे, जो आपण व्यापारी सहसा लक्षात घेत नाही. अपघाताची सूचना मिळाल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने पात्र डॉक्टरकडून विनामूल्य तपासणी करवून देण्याची तयारी दाखवली, तर कामगाराने त्या तपासणीस सामोरे गेलेच पाहिजे. कारणाशिवाय त्याने नकार दिला तर नुकसानभरपाईचा त्याचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. हे योग्यच आहे. ज्याला पैसे द्यावयाचे आहेत त्याला दुखापत खरी आहे किंवा नाही, किती आहे, हे पाहण्याचा अधिकार असला पाहिजे.

परंतु तपासणी ही एक गोष्ट आणि उपचार ही दुसरी. मालकाने देऊ केलेल्या डॉक्टरकडून उपचार घेण्यास कामगाराने नकार दिला, तर केवळ तेवढ्यामुळे त्याचा हक्क बुडत नाही. कायदा पुढे विचारतो की नकार दिल्यानंतर तो दुसऱ्या एखाद्या पात्र डॉक्टरकडे नियमित गेला का, आणि त्यांच्या सूचना त्याने पाळल्या का. तो गेला असेल आणि त्याने पथ्य सांभाळले असेल तर त्याला दोष देता येत नाही. तो कोणाकडेच गेला नाही, त्याचा नकार अवाजवी होता आणि त्यामुळे दुखापत बळावली, या साऱ्या गोष्टी सिद्ध झाल्या तरच बळावलेल्या भागाची जबाबदारी मालकावर येत नाही. म्हणजे निवडीला वाव आहे, पण ती निवड पात्र वैद्यकीय व्यावसायिकाची असली पाहिजे. गावाकडच्या हाडवैद्याकडे जाऊन हात अधिक बिघडवून घेतला तर कायदा पाठीशी उभा राहीलच असे नाही. ही गोष्ट कामगारांनाही समजावून सांगितली पाहिजे.

२००९ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची भर घातली. कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीच्या उपचारांसाठी कामगाराने प्रत्यक्ष केलेला खर्च त्याला परत मिळाला पाहिजे, असे कलम चारमध्ये स्पष्टपणे आले. हा खर्च नुकसानभरपाईतून वजा करावयाचा नसून तिच्याखेरीज द्यावयाचा आहे. 'दवाखान्याचे बिल मी भरले, आता भरपाई कसली?' हा आपल्या पेढ्यांवर नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

दाखल्यावर सही कोणाची?

उपचार कोण करतो यावर केवळ हाड नीट जुळणे अवलंबून नसते, भरपाईचा हिशेबही अवलंबून असतो. कामगार केव्हा कामावर येऊ शकतो, त्याचे अपंगत्व तात्पुरते आहे की कायमचे, किती टक्के आहे, या सर्व प्रश्नांची उत्तरे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदांतून निघतात. ज्या डॉक्टरांचे शुल्क मालक देतात, ज्यांच्याकडे मालकाचे सारे कुटुंब वर्षानुवर्षे जाते, त्यांच्या मनात कळत-नकळत मालकाची सोय डोकावू शकते. डॉक्टर अप्रामाणिक असतात असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण बँकेत आम्ही कर्जदाराच्या मालमत्तेचे मूल्यांकन कर्जदाराच्या मेहुण्याकडून करून घेत नसू. तो मेहुणा प्रामाणिक असला तरीही नाही. तोच न्याय येथे लावावा.

आकडे पाहिल्याशिवाय व्यापारी माणसाचे समाधान होत नाही, म्हणून १९२३ च्या कायद्यातील हिशेब मांडतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणले जाते. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार या हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणांक १८४.१७ आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि त्यास १८४.१७ ने गुणले की १६,५७,५३० रुपये होतात. अंगठा पूर्ण गमावल्यास कायद्याच्या परिशिष्टात ३० टक्के हानी धरली आहे. म्हणजे त्याच माणसाला ४,९७,२५९ रुपये मिळावयास हवेत. एकाच हाताची चारही बोटे गेल्यास हानी ५० टक्के धरली जाते. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम द्यावी लागते.

या टक्केवारीलाही एक मर्यादा आहे. प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व ठरते असा मालकाचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या माणसापुरते ते पूर्ण अपंगत्वच आहे, असे ठरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले. देय रक्कम महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा असला तरी हा दंड विमा कंपनी भरत नाही. तो मालकाच्या खिशातूनच जातो.

आणखी एक इशारा. 'मला सर्व काही मिळाले, माझे आता काही मागणे नाही' असे स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. त्या कागदाला किंमत नाही, आणि त्यावर विसंबून राहणाऱ्याची मात्र फसगत होते.

राज्य विमा योजना आणि पुण्याचे हमाल

ज्या आस्थापनांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांची व्यवस्था निराळी आहे. प्रा. बी. पी. आदारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालातून या योजनेची बीजे पडली. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार तिच्यात येतात. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्के आहे. कामावर दुखापत झाल्यास नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असते, तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो आणि उपचारखर्चाला कमाल मर्यादा नाही. हा भार योजना उचलत असल्यामुळे अशा कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही.

येथे निवड मर्यादित आहे, पण अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्रात या योजनेने खासगी डॉक्टरांना विमा वैद्यकीय व्यावसायिक म्हणून नेमण्याची पद्धत ठेवली आहे. त्यांच्या यादीतून कामगाराने आपल्या घराजवळचा डॉक्टर निवडावयाचा असतो. पुढील उपचारांसाठी पुणे परिसरात बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालये आहेत. अनेक दुकानांत कामगाराची नोंदणी होते, वर्गणी भरली जाते, पण त्याचे विमापत्र मात्र हिशेबनिसाच्या कपाटात पडून असते. आपला डॉक्टर कोण, हे त्याला ठाऊकच नसते. अशा निवडीचा त्याला काय उपयोग?

मार्केट यार्डातील आपल्या आडतदार बांधवांना हमाल आणि माथाडी यांचा कायदा सांगण्याची गरज नाही. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याखालील मंडळात आपण लेव्ही भरतो आणि त्यातून हमालांच्या भविष्य निर्वाह निधीपासून वैद्यकीय साहाय्यापर्यंतची व्यवस्था होते. नोंदीत माथाडींना कामगार नुकसानभरपाईचा कायदाही लागू केलेला आहे. पुण्यात हमालांना संघटित करणारे दिवंगत डॉ. बाबा आढाव हे स्वतः वैद्यकीय व्यवसायातून आलेले होते, हा केवळ योगायोग नसावा. पाठीवरच्या ओझ्याचे दुखणे दवाखान्यात येते, पण त्याचे कारण बाजारात असते. त्यांच्या आंदोलनांचा आपल्यापैकी अनेकांना त्रास झाला असेल, वाद झाले असतील. तरीही हमालाला नाव, नोंद आणि हक्क मिळाला, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न उरतो तो आपल्या पगारी नोकरांचा. गोदामातला माणूस, टेम्पोवरचा मदतनीस, दुकानातला जुना कामगार यांच्यापैकी कित्येकांना ना मंडळ, ना विमा योजना. त्यांच्यासाठी आपणच काय ते.

अन्य देशांत काय?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला, तेव्हापासून जगभर यावर विचार चालू आहे. तेथे आज अपघातग्रस्त कामगाराला प्रथम विमा संस्थांनी मान्यता दिलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. काही राज्यांत मालक किंवा त्याची विमा कंपनी डॉक्टर ठरवते, तर न्यूयॉर्कमध्ये मान्यताप्राप्त डॉक्टरांमधून कामगार स्वतः निवड करतो. कॅलिफोर्नियाची एक तरतूद मला विशेष शहाणपणाची वाटली. काही अटी पाळून कामगार आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे नाव अपघात होण्यापूर्वीच मालकाला लेखी कळवून ठेवू शकतो. संकटाच्या वेळी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते, म्हणून हा निर्णय शांतपणे आधीच घेऊन ठेवावयाचा.

दान नव्हे, देणे

आपल्या समाजात औषधदानाची परंपरा मोठी आहे. रुग्णालयांना देणग्या, नेत्रशिबिरे, रुग्णवाहिका यांत आपला हात नेहमीच पुढे असतो आणि त्याचा योग्य अभिमानही आपल्याला आहे. परंतु दान आणि देणे यांत एक भेद आहे. दान देणारा ठरवतो की किती द्यावे, कोणाला द्यावे, कोणत्या रूपाने द्यावे. देणे असते तेव्हा हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही. कामावर जखमी झालेल्या माणसाचा उपचारखर्च हे देणे आहे. माझ्या स्नेह्यांची चूक झाली ती एवढीच, की त्यांनी देणे दिले, पण दात्याच्या अधिकाराने दिले.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, हा एक आहे. लहानपणापासून आपण हा शब्द प्रतिक्रमणात ऐकतो आणि बैल-घोडे डोळ्यांसमोर आणतो. पूर्ण बऱ्या न झालेल्या मनगटावर पुन्हा पोते ठेवणे हाही अतिभारच नव्हे काय?

येथे मला स्वतःची एक कबुली दिली पाहिजे. बँकेत असताना व्यापाऱ्यांना मालतारणावर कर्ज देण्याचे काम मी अनेक वर्षे केले. गोदामातील प्रत्येक पोत्याचा आगीचा, चोरीचा, पुराचा विमा आहे की नाही हे मी तपासले. पॉलिसीवर बँकेचे नाव नसेल तर कागद परत पाठवले. पण ती पोती उचलणाऱ्या माणसांचा विमा उतरवला आहे का, हा प्रश्न एकाही कर्जदाराला मी विचारला नाही. तो विचारण्याचा नियम नव्हता, हे खरे. पण विचारण्यास मनाईही नव्हती.

आपण काय करू शकतो?

"कामगाराने सर्वांत महागडे रुग्णालय निवडले तर?" अशी शंका एका व्यापारी मित्राने काढली. शंका अवाजवी नाही. लहान दुकानदाराला दोन-तीन लाखांचे बिल पेलणारे नसते. तिचे उत्तर विम्यात आहे. कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्या देतात. मात्र तिच्यात उपचारखर्चाचे संरक्षण बहुधा अतिरिक्त हप्ता भरून आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच मिळते. पॉलिसी घेताना ती ओळ आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. दहा किंवा अधिक माणसे असतील तर राज्य विमा योजनेची नोंदणी चुकवू नये. नव्या संहितेचे नियम आपल्या सल्लागाराकडून नीट समजून घ्यावेत.

दुसरे म्हणजे, माणूस कामावर घेताना नाव-पत्ता लिहितो तेथेच आणखी एक रकाना ठेवावा : 'अपघात झाल्यास कोणास कळवावे आणि कोणत्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्यावे.' तातडीच्या प्रसंगी अर्थातच जवळचे रुग्णालय गाठावे. जीव वाचवण्याचे उपचार कोणत्याही डॉक्टरांनी नाकारू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. पण पहिला धोका टळला की पुढे कोठे जावे हे कामगार आणि त्याच्या घरच्यांना विचारावे.

तिसरे, क्ष-किरण चित्रे, तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या हे सर्व मूळ कागद कामगाराच्या हाती द्यावेत आणि प्रती आपण ठेवाव्यात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद आली आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा त्यातला एक हक्क आहे. कामगाराने दुसरे मत मागितले तर तो आपल्यावर अविश्वास समजू नये. आपल्या घरात शस्त्रक्रिया ठरली की आपण तीन डॉक्टरांना विचारतो. तेव्हा पहिल्या डॉक्टरांचा अपमान झाला असे आपल्याला वाटत नाही.

आणि शेवटचे, कामावर परत येण्याचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावा. त्यावर शंका असल्यास आपण आपल्या डॉक्टरांकडून तपासणी जरूर करवावी. तो आपला हक्क आहे. परंतु उपचारांचा निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा.

माझ्या स्नेह्यांच्या प्रकरणाचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. त्यांनी हट्ट धरला नाही. कामगाराने स्वतः निवडलेल्या शल्यविशारदांकडे त्याच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि तिचा खर्च शेठजींनी दिला. भरपाईची रक्कम रीतसर हिशेब करून आयुक्तांच्या कार्यालयामार्फत देण्यात आली. हात पूर्ववत झाला नाही. तो आता गोदामात पोती उचलत नाही, आवक-जावक लिहितो. परवा दुकानात गेलो तेव्हा शेठजींनी नोकरांची नवी नोंदवही मला दाखवली. प्रत्येक नावापुढे तो नवा रकाना होता. पहिल्या नावापुढे डाव्या हाताने गिरवलेल्या वेड्यावाकड्या अक्षरांत एका रुग्णालयाचे नाव लिहिले होते.